शेजाऱ्यांचे शब्द, धन्यांचे शब्द

इंग्लंडच्या आग्नेय टोकाला, रॅम्सगेटजवळच्या पेगवेल खाडीवर, रस्त्याकडेच्या हिरवळीत एक व्हायकिंग जहाज उभं आहे. पुढे ड्रॅगनची मान, दोन्ही अंगांना ढालींची रांग. नाव ‘ह्यूगिन’. १९४९ साली ५३ डॅनिश माणसांनी ते डेन्मार्कहून उत्तर समुद्र ओलांडून इथं आणलं. निमित्त होतं हेंगिस्ट आणि होर्सा या दोन भावांचं. परंपरा सांगते, की इसवी सन ४४९मध्ये हे भाऊ आपल्या ज्यूट साथीदारांसह याच किनाऱ्याला लागले आणि त्यांच्या बोलीनं या बेटावर पहिलं पाऊल टाकलं. थोडक्यात, इंग्रजीच्या दीड हजाराव्या वाढदिवसासाठी आलेलं हे जहाज. मौज अशी, की ते नवव्या शतकातल्या एका नॉर्वेजियन जहाजाची नक्कल आहे. पाचव्या शतकातल्या पाहुण्यांची आठवण साडेचारशे वर्षांनंतरच्या दर्यावर्दी लुटारूंच्या वाहनातून साजरी झाली, आणि त्यात कुणाला फारसं वावगं वाटलं नाही.

हे दोघे भाऊ खरोखर होते का, याबद्दल इतिहासकार साशंक आहेत. दोघांच्याही नावाचा अर्थ घोडा. त्यांची हकीकत आपल्याला मुख्यतः कळते ती बीड या भिक्षूकडून, आणि त्यानं लिहिलं ७३१ साली, म्हणजे घटनेनंतर पावणेतीनशे वर्षांनी, तेही लॅटिनमध्ये. ब्रिटनचा राजा व्होर्टिगर्न यानं उत्तरेकडच्या पिक्टांशी लढायला त्यांना भाडोत्री सैनिक म्हणून बोलावलं. मग त्यांनी घरी निरोप पाठवला, की जमीन सुपीक आहे आणि इथले लोक मवाळ. पुढचं सगळं त्या निरोपातून घडलं, असं बीड सांगतो. अँगल, सॅक्सन आणि ज्यूट अशा तीन टोळ्या आल्या, आजच्या डेन्मार्क आणि उत्तर जर्मनीच्या किनाऱ्यावरून.

खाडीच्या काठानं थोडं चाललं, की एका मोडक्या बंदराचं काँक्रीट लागतं. १९६९ साली इथं हॉवरक्राफ्टचं बंदर थाटात सुरू झालं होतं. पंधरा वर्षंही नीट चाललं नाही. आता तिथं झुडपं आहेत आणि पक्षी पाहणारी माणसं. उतरायला सोयीची जागा म्हणून या किनाऱ्याची ख्याती मात्र फार जुनी. मैलभराच्या टापूत एक क्रूस दाखवतात, तिथं ५९७ साली रोमचा धर्मप्रचारक ऑगस्टिन उतरला म्हणे. आणि त्याच्याही आधी, इसवी सन ४३मध्ये, सम्राट क्लॉडियसचं सैन्य जवळच रिचबरोला उतरलं.

रिचबरोच्या रोमन कोटाच्या भिंती अजून दुमजली घराएवढ्या उंच आहेत, पण चहूकडे शेतं. समुद्र दिसतच नाही. रोमन काळात थॅनेट हे खरंखुरं बेट होतं आणि मधून वॉन्ट्सम नावाची रुंद खाडी वाहायची. गाळ साचत गेला, मध्ययुगात लोकांनी बांध घातले, आणि आज तिथं मेंढ्या चरतात. कोटाच्या भिंतीला टेकून मी विचार करत होते तो एका कोड्याचा, आणि ते मनात ठेवूनच या प्रवासाला निघाले होते. या बेटावर हजार-अकराशे वर्षांत एकामागून एक परके आले: रोमन, अँगल-सॅक्सन, रोमचे भिक्षू, डेन, नॉर्मन. प्रत्येकानं इंग्रजीत काही ठेवलं. पण प्रत्येकानं ठेवलेलं इतकं वेगळं कसं? कुणी स्वयंपाकघरात शिरला, कुणी देवघरात, कुणी कचेरीत, आणि एक जण तर थेट व्याकरणात.

रोमन लोकांचं उदाहरणच घ्या. साडेतीनशेहून जास्त वर्षं त्यांनी इथं राज्य केलं, ४१०च्या सुमाराला ते संपलं. तरी ‘स्ट्रीट’, ‘वॉल’, ‘वाइन’, ‘चीज’, ‘किचन’ हे लॅटिन शब्द इंग्रजीला या भिंतींपाशी मिळाले नाहीत. सॅक्सन मंडळींनी ते आपल्या मूळ गावीच, रोमन सरहद्दीवर व्यापार आणि सैन्यातल्या नोकऱ्या करताना उचलले होते. होडीत बसले तेव्हा हे शब्द त्यांच्या गाठोड्यात होते.

मग इथं आधीपासून राहणारे ब्रिटन लोक, म्हणजे आजच्या वेल्श लोकांचे पूर्वज, त्यांच्याकडून काय घेतलं? जवळजवळ काहीच नाही. डोंगरदऱ्यांचे दोन-चार शब्द, बिज्जूसाठी एक शब्द, आणि नद्यांची नावं. थेम्स, एक्स, डरवेंट ही सगळी जुनी नावं. एव्हन या शब्दाचा अर्थच मुळी नदी, त्यामुळे ‘रिव्हर एव्हन’ म्हणजे नदी नदी. एखाद्या सॅक्सनानं बोटानं दाखवून विचारलं असेल, समोरच्यानं उत्तर दिलं असेल, आणि संभाषण तिथंच संपलं असेल, असंच वाटतं. ‘वेल्श’ हे नावसुद्धा आलेल्यांनी असलेल्यांना दिलेलं. त्या शब्दाचा अर्थ ‘परका’. स्वतःच्या देशात परके ठरण्याची ही जुनी तऱ्हा.

कँटरबरीला सेंट मार्टिन नावाचं छोटं चर्च आहे. भव्य कॅथीड्रलकडे जाणारी गर्दी इथं येत नाही. गावाबाहेर, चढावर, थडग्यांच्या मधोमध ते उभं आहे, आणि भिंतीत लाल रोमन विटांचे पट्टे उघडे दिसतात. इंग्रजी बोलणाऱ्या जगात अखंड वापरात असलेलं हे सर्वांत जुनं चर्च. ऑगस्टिन यायच्या आधीपासून इथं प्रार्थना होत होती, कारण केंटचा राजा एथेलबर्ट जरी जुन्या देवांना मानणारा, तरी त्याची राणी बर्था फ्रँक राजघराण्यातली ख्रिस्ती. माहेरहून येताना ती आपला बिशप बरोबर घेऊन आली होती. ऑगस्टिन आणि त्याचे चाळीसेक सोबती आले, तेव्हा राजानं त्यांची भेट मुद्दाम उघड्यावर घेतली. बंद घरात हे लोक चेटूक करतील अशी धास्ती होती, असं बीड लिहितो.

ऑगस्टिननं लिपी आणली, पुस्तकं आणली, लॅटिन आणलं. आणि इथं मला पहिलं मोठं आश्चर्य भेटलं. युरोप खंडावरच्या इतर जर्मानिक राजांनी कायदे लिहवून घेतले ते लॅटिनमध्ये. एथेलबर्टचे कायदे मात्र ६००च्या सुमारास इंग्रजीत लिहिले गेले. इंग्रजीतलं हे सर्वांत जुनं लिखाण. मूळ प्रत गेली. बाराव्या शतकात रॉचेस्टरच्या मठात केलेली नक्कल तेवढी उरली आहे. वाचायला ते एखाद्या दरपत्रकासारखं आहे. कुणाचा अंगठा तोडला तर २० शिलिंग, नुसतं अंगठ्याचं नख उडवलं तर ३, करंगळी गेली तर ११, पुढचा दात पाडला तर ६. सूड घेण्याऐवजी पैसे घ्या आणि भांडण मिटवा, हा त्यामागचा व्यवहार. भाषेचं पहिलं पुस्तक कवितेचं असावं अशी आपली भाबडी अपेक्षा असते. इंग्रजीची सुरुवात दातांच्या हिशेबानं झाली.

भिक्षूंच्या लॅटिनमधून आले ते शब्द देवळातले: मेणबत्ती, वेदी, मठाधिपती. पण कित्येक ठिकाणी त्यांनी परका शब्द न आणता घरच्या शब्दांचीच मोट बांधली. ‘गॉस्पेल’ म्हणजे जुन्या इंग्रजीत शुभवार्ता. ‘ईस्टर’ हा सण ख्रिस्ताचा, पण बीडच्या म्हणण्याप्रमाणे नाव एका जुन्या देवीचं राहिलं. वारांची नावं तर आजही टिव, वोडन, थुनोर आणि फ्रिग या बाटण्यापूर्वीच्या दैवतांच्या नावावर चालतात. धर्म वरून आला, पण माणसं समजूत घालायला आली होती, हे या शब्दांवरून कळतं.

तिथून थेम्स ओलांडून सफकमध्ये. जमीन सपाट होत जाते, माती वाळूची. लार्क नदीकाठी वेस्ट स्टो या ठिकाणी एक अँग्लो-सॅक्सन खेडं पुन्हा उभं केलं आहे, आणि तेही मूळ जागेवरच. १९६५ ते १९७२ या काळात इथं उत्खनन झालं. पाचव्या शतकापासून सातव्या शतकापर्यंत इथं वस्ती होती. सत्तरेक लहान घरं आणि काही मोठ्या दालनांच्या खुणा मिळाल्या. पुढे वाऱ्यानं उडून आलेल्या वाळूनं सगळं झाकलं, म्हणून ते टिकलं. आज उभी असलेली घरं म्हणजे लाकडी भिंती, गवताचं शाकारलेलं छप्पर, आत धूर. जमिनीत खड्डा खणून त्यावर फळ्या टाकायच्या, अशी त्यांची बांधणी. एका घरात हातमाग मांडलेला आणि ताण्याला बांधलेली मातीची वजनं. मला हे खेडं सगळ्यात आवडलं, कारण इथं राजा नाही. ‘हाउस’, ‘वाइफ’, ‘ब्रेड’, ‘काउ’, ‘इट’, ‘स्लीप’ असे घरचे आणि गोठ्यातले शब्द बहुतेक अशाच छपरांखालून आले आहेत.

पण सॅक्सन खरोखर लाटेसारखे आले, की मूठभर योद्धे आले आणि स्थानिकांनी त्यांची भाषा उचलली? गेल्या शतकाच्या उत्तरार्धात दुसरं मत जोरात होतं. २०२२ साली प्राचीन डीएनएचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात पूर्व इंग्लंडमधल्या त्या काळच्या थडग्यांतल्या माणसांचा सरासरी ७६ टक्के वारसा उत्तर समुद्रापलीकडचा निघाला. आणि आलेल्यांत बायकाही होत्या. म्हणजे ही स्वारी कमी आणि बिऱ्हाड हलवणं जास्त. चूल, मूल, माग सगळं आलं, तेव्हा शेजारणीकडे शब्द उसना मागायची वेळच आली नाही. ब्रिटनांचे शब्द इतके थोडे का, याचं निम्मं उत्तर मला या धुरानं भरलेल्या खोलीत मिळालं. उरलेलं निम्मं बहुधा सत्तेचं आहे: ज्याला वर चढायचं होतं, त्यानं आपली बोली टाकली.

सफकमधल्याच सटन हू इथं डेबेन नदीवरच्या टेकाडावर राजांची थडगी आहेत. १९३९ साली बेसिल ब्राउन या स्वतःच शिकलेल्या उत्खननकारानं तिथं २७ मीटर लांबीचं जहाज शोधलं. लाकूड कधीच कुजलं होतं, वाळूत ठसा आणि लोखंडी रिवेटांच्या रांगा तेवढ्या उरल्या होत्या. आत बायझंटाइन चांदी, फ्रँक सोन्याची ३७ नाणी, शिरस्त्राण, लायर वाद्य. राजा बहुधा ईस्ट अँग्लियाचा रेडवाल्ड. एवढ्या वैभवात इंग्रजीत लिहिलेली एक ओळ नाही. गाणारे होते, लिहिणारे इथं अजून नव्हते.

यॉर्कला भाची शिकायला असते. स्टेशनवर घ्यायला आली ती तिथला ठेवणीतला विनोद घेऊनच. ‘‘मावशी, यॉर्कमध्ये रस्त्याला गेट म्हणतात, गेटला बार म्हणतात आणि बारला पब.’’ हा विनोद प्रत्येक पाहुण्याला ऐकवला जातो, पण खरा आहे. स्टोनगेट, मिकलगेट, कॉपरगेट या नावांत दरवाजा कुठेच नाही. जुन्या नॉर्समध्ये ‘गाता’ म्हणजे रस्ता. कॉपरगेट म्हणजे लाकडी पेले करणाऱ्यांची आळी. शहराच्या नावाचा प्रवासही असाच. रोमनांचं एबोराकुम, त्याचं सॅक्सनांनी एओफोर्विक केलं, डेनांनी योर्विक, आणि झिजत झिजत यॉर्क.

व्हायकिंग म्हटलं की ७९३ सालचा लिंडिसफार्नच्या मठावरचा हल्ला आठवतो: समुद्रातून येऊन भिक्षूंना मारणं, सोनं लुटणं. त्या लुटीनं भाषेला काही दिलं नाही. दिलं ते नंतर. ८६५मध्ये मोठी फौज आली, ८६६मध्ये तिनं यॉर्क घेतलं, आणि काही वर्षांत त्या सैनिकांनी जमिनी वाटून घेऊन नांगर धरला. १९७६ ते १९८१ या काळात कॉपरगेटवर उत्खनन झालं तेव्हा चिखलात त्यांचं सारं जगणं जसंच्या तसं सापडलं: चामड्याचे जोडे, कंगवे, सुतारकामाचे तुकडे, बियांचे ढीग. तिथं आता योर्विक केंद्र आहे. तिथली सगळ्यात लोकप्रिय वस्तू राजमुकुट नाही. १९७२मध्ये एका बँकेच्या बांधकामाखाली सापडलेली एका व्हायकिंगाची वीसेक सेंटिमीटर लांबीची विष्ठा आहे, काचेच्या पेटीत. शास्त्रज्ञांनी तपासून सांगितलं, की गडी मांस आणि पाव खात होता, भाज्या फारशा नाहीत, आणि पोटात जंत होते. शाळेची मुलं त्या पेटीपुढून हलत नाहीत.

पण मला हवं होतं ते त्यांच्या तोंडातलं. ‘एग’, ‘नाइफ’, ‘विंडो’, ‘स्काय’, ‘स्किन’, ‘हजबंड’, ‘लॉ’ हे सगळे नॉर्स. ‘सिस्टर’चं आजचं रूप नॉर्स. यापलीकडे जाऊन ‘दे’, ‘देम’, ‘देअर’ ही सर्वनामं नॉर्स. सर्वनाम उसनं घेतलं जाणं ही साधी गोष्ट नव्हे. भाषा नव्या वस्तूसाठी नवा शब्द सहज घेते, पण ‘ते’ आणि ‘त्यांचं’ यासाठी कुणी बाहेर जात नाही. त्यासाठी एकाच बांधाला शेत लागतं, एकमेकांत सोयरिकी लागतात, आणि आईची बोली एक, बापाची दुसरी असं घर लागतं.

शिवाय या दोन भाषा सख्ख्या चुलत बहिणी. मालवणी माणूस आणि वऱ्हाडी माणूस बाजारात भेटले तर जसं निभावतं, तसंच काहीसं असणार. धातू ओळखीचा, शेवट वेगळा. बैल दोघांनाही कळतो, पण ‘बैलाला’ आणि ‘बैलाचा’ सांगताना घोटाळा. मग शेवट गिळून टाकायचा. जुन्या इंग्रजीत नामांना चार विभक्त्या होत्या, तीन लिंगं होती, विशेषणं त्यांच्यामागे धावत होती. हे सगळं ओझं सर्वांत आधी उतरलं ते डेन वस्तीच्या उत्तर आणि पूर्व भागात. झीज काही प्रमाणात आधीच सुरू होती हे खरं, पण तिला वेग शेजारानं दिला, असं अनेक भाषाभ्यासक मानतात. मलाही ते पटतं, आणि पटायचं कारण दुसऱ्या दिवशी दगडावर कोरलेलं दिसलं.

यॉर्कच्या उत्तरेला, मूर नावाच्या उजाड माळांच्या पायथ्याशी, गावांची नावं बदलतात. कुठे शेवटी ‘बी’, कुठे ‘थॉर्प’, कुठे ‘थ्वेट’: वाडी, पाडा, मोकळी केलेली जमीन. त्यातल्या कर्कडेल या दरीत ओढ्याकाठी सेंट ग्रेगरीचं चर्च आहे. शेजारच्या गुहेत १८२१ साली तरस, हत्ती आणि पाणघोड्याची हाडं निघाली होती, पण त्या रहिवाशांची भाषा आपला विषय नाही. चर्चच्या दक्षिण दरवाजावर, पडवीच्या आत, माणसाहून लांब अशी एक शिळा बसवली आहे. मध्ये सूर्यघड्याळ, दोन्ही बाजूंना अक्षरं. सूर्यघड्याळ, आणि सावलीत! फुलं मांडत असलेल्या बाईंना मी त्याबद्दल विचारलं. त्या म्हणाल्या, पडवी नंतर बांधली, त्यामुळे घड्याळ बंद पडलं, पण पाऊस लागला नाही म्हणून अक्षरं वाचली.

लेख सांगतो, की गमालचा मुलगा ओर्म यानं हे चर्च विकत घेतलं तेव्हा ते पार मोडलेलं, पडलेलं होतं, आणि त्यानं ते पायापासून नवं बांधलं. राजा एडवर्ड आणि अर्ल टॉस्टी यांच्या काळात. घड्याळ घडवणाऱ्या हावार्थ आणि ब्रँड यांचीही नावं आहेत. टॉस्टी १०५५ ते १०६५ इथला अर्ल होता, म्हणजे साल जवळजवळ नक्की. ओर्म, गमाल, टॉस्टी, हावार्थ, ब्रँड ही सगळी स्कँडिनेव्हियन नावं. आणि भाषा? चक्क इंग्रजी. लुटारूंचे पणतू इंग्रजीत देऊळ बांधल्याचं कोरतात. पण ती पुस्तकातली इंग्रजी नव्हे. ‘एडवर्ड राजाच्या काळात’ म्हणताना राजाला आणि एडवर्डला जे षष्ठीचे प्रत्यय लागायला हवेत, ते तिथं नाहीत. व्याकरणाचा मास्तर लाल रेघ मारेल असं वाक्य, आणि आजच्या इंग्रजीकडे जाणारा रस्ता त्याच वाक्यातून जातो. पाऊण तास मी त्या पडवीत होते. भाची दोनदा बाहेर जाऊन ओढा पाहून आली.

दक्षिणेकडे परतताना जुना रोमन रस्ता वॉटलिंग स्ट्रीट ओलांडावा लागतो. आज बऱ्याच लांबीवर त्याला ए-५ म्हणतात आणि ट्रक धावतात. ८७८ साली वेसेक्सचा राजा आल्फ्रेड यानं एडिंग्टनच्या लढाईत डेन सरदार गुथ्रम याला हरवलं, आणि पुढच्या तहात हद्द आखली तिचा एक भाग हा रस्ता. त्याच्या पलीकडे ‘बी’वाली गावं दाट, अलीकडे झपाट्यानं विरळ. तहाचा कागद हरवला असता, तरी रस्त्यावरच्या पाट्यांवरून हद्द काढता आली असती.

विंचेस्टर ही त्या वेसेक्सची राजधानी. मुख्य रस्त्याच्या टोकाला आल्फ्रेडचा पुतळा आहे, १९०१ सालचा, तलवार उलटी धरून क्रूसासारखी उंचावलेली. मला त्याचं कौतुक तलवारीपेक्षा एका पत्रासाठी आहे. ८९०च्या सुमारास त्यानं पोप ग्रेगरीच्या ग्रंथाचं इंग्रजी भाषांतर केलं आणि बिशपांना पाठवताना प्रस्तावनेत लिहिलं, की हंबर नदीच्या अलीकडे लॅटिन समजणारे फार थोडे उरले आहेत. तर माणसाला जाणून घ्यायला अत्यावश्यक अशी पुस्तकं सर्वांना समजेल अशा भाषेत आणू या. लढाईतून सवड काढून राजा हे करतो, आणि इंग्रजी गद्य उभं राहतं. दहाव्या शतकाच्या शेवटी विंचेस्टरच्या मठातल्या शाळेनं तर एक प्रमाणभाषाच घडवली. शब्द ठरलेले, शुद्धलेखन ठरलेलं, आणि ती यॉर्कपर्यंत लिहिली जायची. युरोपात त्या वेळी लॅटिन सोडून इतर भाषांत एवढी बांधीव लेखनभाषा क्वचितच होती. ओर्मच्या माणसांना जी धड जमली नाही, ती हीच.

कॅथीड्रलमध्ये उंचावर ठेवलेल्या रंगीत पेट्यांत राजांची हाडं आहेत, यादवी युद्धात उधळली जाऊन एकमेकांत मिसळलेली. त्यांत इंग्लंड, डेन्मार्क आणि नॉर्वे या तिन्ही मुलखांवर राज्य केलेला क्नूट आहे, आणि त्याची राणी एमा. एमा नॉर्मंडीची. आधी इंग्रज राजाची बायको, मग त्याच्या शत्रूची. तिच्या माहेरच्या नात्यावरच पुढे नॉर्मंडीच्या विल्यमनं इंग्लंडच्या गादीवर हक्क सांगितला.

विंचेस्टरचं एक माणूस मात्र आपलंही आहे. सोळाव्या शतकात इथल्या प्रसिद्ध शाळेत शिकलेला, विल्टशरमध्ये जन्मलेला थॉमस स्टीफन्स जेझुइट होऊन १५७९ साली गोव्यात उतरला आणि तिथंच राहिला. त्यानं मराठीत ओवीबद्ध ‘क्रिस्तपुराण’ रचलं. ते १६१६मध्ये छापलं गेलं. १५८३ साली भावाला लिहिलेल्या पत्रात त्यानं नोंदवलं, की इथल्या भाषांची घडण लॅटिन आणि ग्रीकसारखी आहे. संस्कृतचं लॅटिन-ग्रीकशी नातं मांडणाऱ्या विल्यम जोन्सच्या दोनशे वर्षं आधीची ही नोंद. शाळेच्या जुन्या भिंतीजवळून जाताना त्याचं नाव असलेली पाटी शोधली, दिसली नाही.

ससेक्समधल्या बॅटल गावाला मी ऑक्टोबरमध्ये पोचले, तिथीला धरून. २५ सप्टेंबर १०६६ रोजी राजा हॅरल्डनं यॉर्कजवळ स्टॅमफर्ड ब्रिजला नॉर्वेच्या राजाला मारलं, त्याच्या बाजूनं लढणारा आपला भाऊ टॉस्टी, हो, कर्कडेलच्या शिळेवरचाच, त्यालाही मारलं. आणि तीन आठवड्यांच्या आत १४ ऑक्टोबरला तो या उतारावर विल्यमशी लढताना स्वतः पडला. उतार माझ्या अपेक्षेपेक्षा सौम्य आहे. खालच्या बाजूला दलदल, वर विल्यमनं प्रायश्चित्त म्हणून बांधलेल्या मठाचे अवशेष. हॅरल्ड पडला म्हणतात तिथं मुख्य वेदी होती. आता एक दगड.

नॉर्मन हे मूळचे नॉर्समनच. ९११मध्ये त्यांच्या पूर्वजांना फ्रान्सच्या राजानं जमीन दिली, आणि काही पिढ्यांत ते नॉर्स विसरून फ्रेंच बोलू लागले. म्हणजे दोन व्हायकिंग शाखा. यॉर्कची इंग्रजीत विरघळली, नॉर्मंडीची धनी होऊन आली. संख्येनं थोडे होते, पण १०८६च्या डूम्सडे नोंदीत बड्या जमीनदारांत इंग्रज नावं बोटांवर मोजावी लागतात. ही नोंद लॅटिनमध्ये. विल्यमनं मोठेपणी इंग्रजी शिकायचा प्रयत्न केला, राज्यकारभाराच्या धावपळीत जमलं नाही, असं एक बखरकार सांगतो. आणि म्हणून नॉर्मनांचे शब्द आले ते वरून: ‘कोर्ट’, ‘जज’, ‘टॅक्स’, ‘प्रिझन’, ‘कॅसल’, ‘सर्व्हंट’. गोठ्यात ‘काउ’ आणि ताटात ‘बीफ’, हे उदाहरण वॉल्टर स्कॉटनं ‘आयव्हॅनहो’ या कादंबरीतून गाजवलं. ते थोडं जास्तच नीटनेटकं आहे, कारण हे शब्द पुढची काही शतकं सरमिसळही वापरले जात. पण दिशा खरी आहे. दहा हजारांच्या घरात फ्रेंच शब्द इंग्रजीत शिरल्याचा अंदाज आहे, आणि त्यांतले बहुतेक १०६६ला लगेच नव्हे, तर तेराव्या-चौदाव्या शतकात, जेव्हा सरदारांची मुलं फ्रेंच विसरून इंग्रजी बोलू लागली. धन्यानं भाषा बदलली तेव्हा आपली शब्दांची पेटी बरोबर आणली.

वकिलांनी तर दोन्ही ठेवले. ‘विल अँड टेस्टामेंट’मधला एक इंग्रजी, एक लॅटिन, ‘ब्रेकिंग अँड एंटरिंग’मधला एक इंग्रजी, एक फ्रेंच. आपल्या तालुका कोर्टात समन्स घेऊन येणारा बेलीफ याच नॉर्मन पेटीतला, आणि त्याच आवारात वकील, फिर्याद, मुद्देमाल हे फारसी-अरबीतून आलेले. दोन वेगळ्या जेत्यांच्या कचेऱ्या एका व्हरांड्यात. शिवाजी महाराजांनी ‘राज्यव्यवहारकोश’ करवून घेतला, तसा प्रयत्न इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकात डॉर्सेटच्या विल्यम बार्न्सनं एकट्यानं केला. परके शब्द काढून घरचे घालायचे म्हणून तो नवे शब्द घडवत राहिला. लोकांनी त्याच्या कविता वाचल्या, शब्द घेतले नाहीत.

शेवटचा मुक्काम पीटरबरो. लंडनच्या उत्तरेला, फेन या दलदली मुलखाच्या कडेला. १११६ साली इथला मठ जळाला, पुस्तकंही गेली. भिक्षूंनी दुसऱ्या मठाची इंग्रजी बखर आणून नक्कल केली आणि पुढचं स्वतः लिहू लागले. नक्कल केलेला भाग आल्फ्रेडच्या वळणाचा, बंदिस्त. स्वतः लिहिलेला भाग पाहावा तर जणू दुसरीच भाषा: प्रत्यय गळालेले, शब्दक्रम आजचा, ११४०च्या नोंदीत ‘शी’ हे सर्वनाम पहिल्यांदा भेटतं. नॉर्मनांनी बोली मोडली नव्हती, मोडली होती ती विंचेस्टरची प्रमाणभाषा. शुद्धलेखन शिकवणारं कोणी उरलं नाही, तेव्हा शंभर वर्षं तोंडात चाललेलं कागदावर उतरलं. राजा स्टीफनच्या काळातल्या अंदाधुंदीचं वर्णन करताना लेखणीतून ‘ट्रेझर’, ‘प्रिझन’, ‘जस्टिस’ आपोआप येतात, कारण त्या गोष्टी करणारे तीच भाषा बोलत.

हस्तलिखित आता ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहे. आगीनंतर उभारलेलं चर्च मात्र इथं आहे, पश्चिमेकडे तीन अजस्र कमानी. मार्गदर्शक गृहस्थ आम्हाला कॅथरीन ऑफ ॲरागॉन या राणीच्या थडग्याकडे घेऊन गेले, कारण सगळे तेच विचारतात. बखरीचा विषय काढल्यावर खुलले, आणि तिची शेवटची नोंद त्यांनी तोंडपाठ सांगितली. ती ११५४ची. नवा मठाधिपती निवडला गेला, विल्यम द वॉटरव्हिल, नावावरूनच नॉर्मन. त्यानं सुरुवात चांगली केली आहे, शेवटही तसाच होवो, अशा अर्थाचं काहीतरी लिहून भिक्षू थांबतो. ११७५मध्ये त्या विल्यमला पदावरून काढून टाकलं. पण तोवर इंग्रजीतली ती बखर बंद पडून वीस वर्षं झाली होती, त्यामुळे ही बातमी लॅटिनमध्येच वाचावी लागते.